सांधा दिसूं द्यावा

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, तेव्हां तो चार रिळांचा होता. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट होती. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत या नांवानें जें जतन झालें आहे, तें पहिलें आणि शेवटचें रीळ एवढेंच. दोन्हीं मिळून सुमारें १,४७५ फूट. मधलीं दोन रिळें नाहींत. ज्या चित्रपटापासून आपण या देशांतील चित्रकलेच्या या नव्या शाखेचा जन्म मोजतों, त्याचें डोकें आणि पाय उरले असून धड हरवलें आहे.

आजवर ही गोष्ट हळहळण्यापुरती होती. परंतु संगणकास हालतीं चित्रें घडवितां येऊं लागल्यापासून हळहळीची जागा एका प्रश्नानें घेतली आहे. कथा ठाऊक आहे, नटांचे चेहरे ठाऊक आहेत, उरलेल्या रिळांवरून दृश्यांची धाटणी ठाऊक आहे. मग मधलीं दोन रिळें यंत्राकडून करवून कां घेऊं नयेत? हा प्रश्न मुंबई-पुण्याच्याच बैठकींत विचारला जातो असें नाहीं. आमच्या चंद्रपुरासारख्या अरण्याच्या कडेला वसलेल्या गांवांतील महाविद्यालयांतहि तो ऐकूं येतो. प्रश्न पोरकट नाहीं. त्याचें उत्तर नुसत्या नाक मुरडण्यानें देतां येणार नाहीं. म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या सगळ्या उद्योगास लोक सरसकट ‘पुनरुद्धार’ म्हणतात. पण या एका शब्दाखालीं तीन निरनिराळीं कामें एकत्र झालीं आहेत, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. पहिलें काम शोधाचें: हरवलेली फीत कोठें तरी पडली असेल ती हुडकून काढणें. दुसरें जुळणीचें: हातीं आलेले तुकडे त्यांच्या मूळ क्रमानें बसविणें. तिसरें नवनिर्मितीचें: जें हातीं नाहीं तें नव्यानें घडविणें. पहिल्या दोहोंत आपण मूळ कर्त्याचे चाकर असतों. तिसऱ्यांत आपण त्याच्या आसनावर बसतों.

शोधाची गोष्ट प्रथम घेऊं. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते, एकदां पेटली कीं पाण्याखालींहि विझत नाहीं. आणि पेटली नाहीं तरी उष्णतेनें व दमटपणानें आपोआप सडत जाते. चित्र फिकें होतें, थर एकमेकांस चिकटतात, आणि शेवटीं डब्यांत तपकिरी भुकटी उरते. शिवाय फितीवरच्या थरांत चांदी असे, व धंदा संपलेल्या चित्रपटापेक्षां ती चांदी मालकास अधिक मोलाची वाटे. आपल्याकडे मूकपटांच्या काळांत हजाराहून अधिक चित्रपट निघाले. आज त्यांतील मूठभरांचे पूर्ण वा अपूर्ण अवशेष काय ते शिल्लक आहेत. बोलपटांचीहि स्थिति फार निराळी नाहीं. १९३१ सालचा आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज कोणासहि पाहावयास मिळत नाहीं. १९६४ सालीं पुण्यास संग्रहालय स्थापन झालें व पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून डबे गोळा केले, म्हणून फाळक्यांचें जें कांहीं उरलें आहे तें उरलें. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास लागलेल्या आगींत नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला. पण त्यांपैकीं पुष्कळांच्या प्रती आधींच सुरक्षित फितीवर उतरून घेतल्या होत्या. ही दूरदृष्टि नसती, तर आज वाद घालावयासहि कांहीं राहिलें नसतें.

हरवलेल्या फिती सांपडतात कोठें, हें पाहिलें तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. डेन्मार्कच्या ड्रेयर यांचा ‘जोन ऑफ आर्क’ हा १९२८ सालचा मूकपट. त्याची मूळ आवृत्ति १९८१ सालीं नॉर्वेंत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयांत निघाली. कॅनडाच्या अगदीं उत्तरेस डॉसन नांवाचें गांव आहे. तेथें १९७८ सालीं जमीन उकरतांना पांचशेंहून अधिक रिळें बर्फाळ मातींत पुरलेलीं सांपडलीं. चित्रपट फिरत फिरत त्या गांवीं शेवटीं पोंचत, आणि परत धाडण्याचा खर्च परवडत नसल्यामुळें तेथेंच राहत. जर्मनीचे फ्रिट्स लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ च्या चित्रपटाचा कापून टाकलेला सुमारें पंचवीस मिनिटांचा भाग २००८ सालीं सांपडला, तो बर्लिनमध्यें नव्हे, तर दक्षिण अमेरिकेंतील ब्वेनोस आयरेस येथें. राजधानींत वस्तु जपली जाते असा आपला समज असतो. वास्तविक राजधानींत जुनें टाकून नवें आणण्याची घाई असते. वस्तु राहते ती रस्ता जेथें संपतो तेथें.

आतां जुळणी. या कामाचा आपल्याकडील उत्तम नमुना म्हणजे फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’. हा १९१९ सालचा चित्रपट; त्यांत बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिनें केली. त्याचे तुकडे हातीं आले तेव्हां ते विस्कळित होते. फाळक्यांनीं करून ठेवलेल्या टिपणांच्या आधारें नायर यांनीं ते ओळीनें लाविले, आणि फाळक्यांचा बराचसा पूर्ण म्हणतां येईल असा एक तरी चित्रपट आपल्यास लाभला. सुरुवातीला ती लहान मुलगी कॅमेऱ्यासमोर नुसत्या मुद्रा बदलून दाखविते: हंसणें, रागावणें, रडकुंडीस येणें. त्या दोन घटका पाहतांना कृष्ण आणि फाळक्यांची लेक हीं दोघें एकदम दिसतात. बाप आपल्या मुलीचें कौतुक करीत आहे, आणि कलावंत आपल्या साधनाची परीक्षा पाहत आहे. या जुळणींत नायर यांनीं आपलें कांहीं घातलें नाहीं. क्रम लावला, आणि ते बाजूस झाले.

‘मेट्रोपोलिस’च्या जुळणींत याहून बारीक विवेक दिसतो. ब्वेनोस आयरेसची प्रत लहान मापाच्या फितीवर उतरविलेली व ओरखड्यांनीं भरलेली होती. २०१० सालीं पूर्ण चित्रपट बर्लिनमध्यें पुन्हां दाखविला गेला, तेव्हां दुरुस्ती करणाऱ्यांनीं ओरखडे शक्य तितके कमी केले, परंतु ते दिसेनासे होतील इतका लेप चढविला नाहीं; चौकटीचा कमी पडलेला भागहि काळाच ठेवला. त्यामुळें प्रेक्षकास क्षणोक्षणीं कळतें कीं, हा तुकडा येथचा आणि हा तेथचा. आणि जी एक-दोन दृश्यें अजूनहि हातीं आलीं नाहींत, त्यांच्या जागीं केवळ लेखी पाटी आहे. रसभंग होतो काय? थोडा होतो. पण विश्वास टिकतो, आणि एकदां विश्वास टिकला कीं रसहि थोड्या वेळानें परत येतो.

तिसरा प्रकार नवनिर्मितीचा. येथें आमचे तरुण मित्र ज्या उदाहरणाकडे बोट दाखवितात तें अमेरिकेंतील आहे. ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या १९४२ च्या चित्रपटांतून, ते स्वतः ब्राझीलमध्यें असतांना, कंपनीनें चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापला, शेवट गोड करून घेतला, आणि कापलेला भाग नष्ट केला. तो भाग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें पुन्हां घडविण्याचा बेत २०२५ सालीं तेथील एका कंपनीनें जाहीर केला. बेतामागें वेल्स यांच्याविषयीं आदर नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण आदर आणि अधिकार या दोन गोष्टी आहेत.

परंतु या प्रश्नाची खरी परीक्षा करावयास अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. फाळक्यांच्या घरींच तिचें साधन आहे. फाळक्यांनीं १९१७ सालीं हरिश्चंद्राची कथा पुन्हां चित्रित केली; त्या चित्रपटाचें नांव ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’. तोच कर्ता, तीच कथा, चारच वर्षांचें अंतर. याचा परिणाम काय झाला? पुण्यास जीं दोन रिळें आहेत तीं १९१३ चीं कीं १९१७ चीं, याबद्दल जाणत्या अभ्यासकांत आजहि मतभेद आहे. तीं नंतरच्या चित्रपटाचीं असावींत असें म्हणणारे थोडे नाहींत, आणि त्यांचें म्हणणें झुगारून देण्यासारखें नाहीं. म्हणजे आपण आरंभीं सांगितलेलें डोकें आणि पाय हेहि मूळ देहाचेच आहेत, असें छातीवर हात ठेवून कोणास सांगतां येत नाहीं. यांत फाळक्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांस आपलें चित्र पुन्हां लोकांपुढें आणावयाचें होतें; शंभर वर्षांनंतरच्या प्राध्यापकांची सोय पाहणें हें त्यांचें काम नव्हतें. ड्रेयर यांच्या बाबतींतहि असेंच घडलें. त्यांच्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जळाली, तेव्हां त्यांनीं न वापरलेल्या तुकड्यांतून दुसरी आवृत्ति तयार केली, व पहिली नॉर्वेंत सांपडेपर्यंत जगास मूळ कोणतें याची खात्री नव्हती.

आतां विचार करावा. खुद्द कर्त्यानें, स्वतःच्या हातानें, चार वर्षांच्या आंत केलेल्या पुनर्निर्मितीमुळें जर इतिहासांत शतकभराचा गोंधळ माजतो, तर शंभर वर्षांनंतर एका यंत्रानें केलेलीं दोन रिळें मधें चिकटविल्यास पुढच्या पिढीची काय अवस्था होईल? आज त्यांवर ‘नवीन’ अशी चिठी असेल. पण चिठी डब्यास असते, फितीस नसते. आणि आतां तर डबाहि राहिला नाहीं. एकाचे शंभर, शंभराचे लाख असे तुकडे हातोहात फिरतात, आणि प्रत्येक हातांत चिठीचा एक एक कोपरा फाटतो. दहा वर्षांत शाळकरी मुलें तारामतीची काशीच्या बाजारांतील विक्री पाहून ‘हें फाळक्यांचें’ म्हणूं लागतील, आणि त्यांस चूक म्हणावयास कोणी उरणार नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल: हरिश्चंद्राची कथा सर्वांची आहे. घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून पाहावयाची तर ती पूर्ण हवी. अर्धवट रिळें पंडितांस पुरतील, कुटुंबांस पुरणार नाहींत. आमचें उत्तर असें कीं, कथा हवी असेल तर ती हरवलेलीच नाहीं. ती पुराणांत आहे, कीर्तनांत आहे, आजीच्या तोंडीं आहे. चित्रपटांतच हवी असेल तर प्रभात कंपनीनें कोल्हापुरास काढलेला व्ही. शांताराम यांचा ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा बोलपट आहे. त्यांत दुर्गाबाई खोटे यांची तारामती आहे. मधल्या दोन रिळांत राज्यत्याग, वनवास, विक्री हाच कथाभाग असला पाहिजे, हें शाळेंतील मुलगाहि सांगेल. हरवली आहे ती कथा नव्हे. फाळक्यांची नजर हरवली आहे. विक्रीच्या वेळीं त्यांनीं राणीस चौकटीच्या कोणत्या बाजूस उभें केलें? राजाची पाठ दाखविली कीं मुख? खानावळींत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनीं तारामतीचा तो शोक हातांनीं दाखविला कीं नुसत्या मानेनें? बाजारांतील लोकांपैकीं एखादा कॅमेऱ्याकडे चोरून पाहत होता काय? याचें उत्तर उरलेल्या रिळांवरून काढतां येत नाहीं. यंत्र उरलेल्यावरून शिकतें. म्हणून तें फार तर फाळक्यांची संवय देईल, त्यांची निवड देणार नाहीं. आणि कलावंत ओळखावयाचा तो त्याच्या निवडीवरून. ‘मेट्रोपोलिस’चें कथासार लोकांस पूर्वींपासून ठाऊक होतें, तरी फीत सांपडल्यावर दुय्यम वाटणारीं पात्रें एकाएकीं मोठीं झालीं, आणि चित्रपटाचा तोलच बदलला. केवळ कथासारावरून हें कोणास दाखवितां आलें नसतें.

दुसरा आक्षेप आमच्याच मातींतला आहे. झाडीपट्टींत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या व लगतच्या मुलखांत, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हें त्या धंद्याचें ठाणें. तेथून कंपन्या गांवोगांव जातात आणि रात्रभर नाटक चालतें. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां शहरांतल्या पुष्कळांस तिचें नांव प्रथम कळलें. येथें नट बदलतो, प्रवेश लांबतो, गाणें वाढतें, तरी ‘मूळ हरवलें’ म्हणून कोणी गळा काढीत नाहीं. मग चित्रपटासच हें सोवळें कां? कारण असें कीं, नाटकांत फसवणूक संभवतच नाहीं. आजचा नट आज आपल्या डोळ्यांपुढें उभा आहे. तो कालचा नट असल्याचें सांगत नाहीं. चित्रपटाचा करार निराळा आहे. पडद्यावर जें दिसतें तें कोणत्या तरी दिवशीं, कोणत्या तरी उन्हांत, कॅमेऱ्यासमोर खरोखर होतें, या भरंवशावर आपण तें पाहतों. नट देवाचें सोंग घेईल. पण सोंग घेणारा तो माणूस तेथें होता, हें खोटें नसतें. नवीं रिळें जुन्यांत मिसळल्यानें हा भरंवसा नव्या रिळांपुरताच जात नाहीं. जुन्यांवरूनहि तो उडतो.

मग नवें कांहीं करूंच नये काय? अवश्य करावें, मात्र आपल्या नांवानें करावें. परेश मोकाशी यांनीं २००९ सालीं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला. त्यांत फाळक्यांचें चित्रण कसें चाललें असेल याचा खेळकर देखावा आहे. नंदू माधव फाळके होतात, आणि प्रेक्षक त्यांस नंदू माधव म्हणूनच टाळी देतो. येथें कल्पनेस पूर्ण मोकळीक आहे, आणि तरी फाळक्यांच्या फितीस धक्का नाहीं. यंत्रास दोन रिळें करावयाचीं असतील, तर तीहि अशींच निराळीं, निराळ्या नांवानें, आरंभापासून अखेरपर्यंत चौकटीवर खूण घेऊन यावींत. मूळ रिळांच्या मधें तीं बसवूं नयेत. मूळाचें शेंपूट व नव्याचें डोकें जेथें भेटतें, तो सांधा दिसलाच पाहिजे.

हा नियम आम्हीं नवा काढलेला नाहीं. दगडाच्या कामांत तो जुनाच आहे. गडचिरोली जिल्ह्यांत चामोर्शीजवळ वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथें जीं देवळें आहेत, त्यांतील मुख्य देवळावर वीज पडून वरचा भाग कोसळल्याची व पुढें गोंड राजवटींत त्याची डागडुजी झाल्याची हकीकत जुन्या नोंदींत आहे. त्या डागडुजीचें काम मूळच्या नाजूक कोरणीशीं जुळत नाहीं. जड, साधें, ओबडधोबड आहे. रसिकास तें खुपतें. पण तें खुपतें म्हणूनच आपल्यास तीन गोष्टी कळतात: मूळ कारागीर काय करूं शकत होता, वीज कोठपर्यंत पोंचली, आणि पडतें देऊळ सांवरावयास पुढें कोण आलें. कोणी कुशल पाथरवटानें हुबेहूब जुन्यासारख्या मूर्ति तेथें कोरून बसविल्या असत्या, तर या तिन्ही गोष्टी एकदम बुजून गेल्या असत्या. आपल्या पुराणवस्तु खात्यासाठीं सर जॉन मार्शल यांनीं १९२३ सालीं जी नियमावली लिहिली, तिचेंहि धोरण हेंच: भंगलेलें मूळ हें सफाईदार नव्यापेक्षां मोलाचें समजावें. दगडास जो न्याय, तो फितीस कां नसावा?

शेवटीं, या वादांत आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांचा संबंध काय, हें सांगितलें पाहिजे. नवनिर्मितीस पैसा व यंत्रें लागतात. शोधास मात्र माळे आणि ट्रंका लागतात, व त्या आपल्या घरीं आहेत. वर म्हटल्याप्रमाणें वस्तु राहते ती रस्ता संपतो तेथें, आणि महाराष्ट्राचा रस्ता आमच्या दोन जिल्ह्यांत संपतो. शहरांत झिजलेल्या प्रती शेवटीं तालुक्याच्या गांवीं व जत्रांच्या तंबूंत जात, हा त्या धंद्याचा रिवाजच होता. अशा एखाद्या बंद पडलेल्या तंबूचे, चित्रगृहाचे डबे कोणाच्या कोठारांत नसतीलच असें कोणीं सांगावें? आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उष्म्यांत फीत फार काळ तग धरणार नाहीं, म्हणून घाई केली पाहिजे. डबा आढळल्यास तो उन्हांत ठेवूं नये, दिव्याजवळ नेऊं नये, फीत उलगडून पाहण्याचा मोह धरूं नये. थंड जागीं ठेवून पुण्याच्या संग्रहालयास कळवावें. आणि फीत नसली तरी कागद असतात. चित्रपटाच्या गाण्यांच्या चोपड्या, जाहिरातीचीं पत्रकें, नटांचीं छायाचित्रें, आजोबांच्या रोजनिशींतील ‘आज अमुक खेळ पाहिला’ अशी एखादी ओळ, हें सारें जुळणीच्या कामाचें आहे. ‘कालिया मर्दन’ जुळला तो टिपणांमुळें, हें विसरतां कामा नये. झाडीपट्टीच्या नाटकांचीं हस्तपत्रकें व संहिता यांचीहि हीच गोष्ट आहे. आज तीं रद्दींत जात आहेत, आणि उद्यां तीं हरवलीं म्हणून आपणच यंत्राकडे धांवूं.

‘राजा हरिश्चंद्रा’चीं मधलीं रिळें कदाचित् कधींच सांपडणार नाहींत. तरी त्यांची जागा रिकामी राहूं द्यावी, आणि तेथें एक पाटी असावी: येथें दोन रिळें होतीं, तीं आम्हीं जपलीं नाहींत. ती पाटी वाचून एखाद्या मुलानें घरच्या माळ्यावर चढून जुनी ट्रंक उघडली, तर तिचें काम झालें असें आम्ही समजूं.